बाजेचा चौथा खूर

मामा, तुमच्या मातीला गाव लोटलं होतं. सगळे चांगलंच बोलले. कुणी तुम्हाला मंडळीचा खांब म्हणालं, कुणी विश्वासाचा डोंगर. मेल्या म्हशीला मणभर दूध, असं तुम्हीच म्हणायचात, दुसऱ्या कुणाच्या मातीवरून परत येताना, पायांवर पाणी घेत. आता तुमचंच दूध उतू चाललंय. पाळकसाहेबांनी निरोप धाडलाय, की येत्या रविवारी स्मरण उपासना आहे, घरच्यांतर्फे सूनबाईंनी चार शब्द लिहून आणावेत. आणि वाचनाला तुमचा आवडता भाग ठेवलाय, चौघांनी बाजेवर उचलून आणलेल्या लुळ्या माणसाचा. अख्ख्या शुभवर्तमानात त्यांना दुसरं काही सापडलं नाही.

ते चार शब्द मी वेगळे लिहीन. गोड लिहीन, लोक रुमाल काढतील. हे मात्र तुमच्यासाठी आहे. तुम्ही जिवंत असताना मी तुमच्यासमोर डोक्यावरचा पदर कधी ढळू दिला नाही आणि नवऱ्याचं नाव कधी घेतलं नाही. आता दोन्ही नियम मोडते. शमुवेल. तुमचा मुलगा, माझा नवरा, शमुवेल. त्यांच्याबद्दलच बोलायचंय.

हायवेवर नळदुर्गच्या अलीकडं त्यांचं आणि रशीदभाईंचं पंक्चरचं दुकान होतं. ट्रकचं चाक एकट्यानं फिरवत न्यायचे. एका दुपारी चाक ढकलता ढकलता मटकन खाली बसले, ते तिथून आपल्या पायांवर उठले नाहीत. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. मागं राहिले चार-दोन शब्द. ‘पाणी’ राहिलं, ‘नको’ राहिलं, आणि ट्रकवाल्यांकडून शिकलेली एक शिवी राहिली. ती शिवी ते पुढं पाळकसाहेबांच्या तोंडावर, ऐन आशीर्वादाच्या वेळी हासडायचे, आणि तुम्ही मोठ्यानं आमेन म्हणून ती झाकायचात. एवढं एक तुमचं मला आवडायचं.

सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज व्यायाम करून घ्या, हळूहळू फरक पडेल. तुम्ही दवाखान्यातून घरी आलात आणि पुस्तक उघडलंत. लुळ्या माणसाची ती गोष्ट तुम्हाला आधीपासून आवडायचीच, आता ती तुमच्या घरात येऊन बसली. कफर्णहूमातलं एक घर, आत येशू बोलतोय, दारात ही गर्दी. चौघंजण एका लुळ्याला बाजेवर घालून आणतात, आत जायला वाट नाही, म्हणून वर चढतात, छप्पर उकरतात आणि बाज खाली सोडतात. येशू त्यांचा विश्वास बघतो. मग त्या माणसाला म्हणतो, ऊठ, बाज उचल, घरी जा. आणि तो जातो.

ही गोष्ट आपल्याकडच्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. आपलं घरच माळवदाचं. तुळया, त्यावर फळ्या, त्यावर लिंबाचा पाला, त्यावर पांढरी माती. छप्पर उकरायचं म्हणजे काय काय खाली पडतं ते आपण जाणतो. पाऊस लागायच्या आधी दर वर्षी तुम्ही स्वतः वर चढायचात, नवी पांढरी माती पसरायचात, धुमसानं ठोकून ठोकून घट्ट बसवायचात. खाली माझ्या पिठात माती पडायची.

त्या संध्याकाळची घरातली उपासना तुम्हाला आठवत असेल. शमुवेल बाजेवर, तुम्ही खुर्चीवर, मी खाली पाट्यापाशी. तुम्ही तोच भाग तिसऱ्यांदा वाचायला काढलात आणि माझ्या तोंडातून निघून गेलं.

“मामा, त्या माणसाची बायको कुठं व्हती हो?”

“कुणाची?”

“त्या लुळ्याची. चौघं बाज घेऊन गेले. बायकू कुठं गेली?”

“तसं काय लिहिलेलं न्हाय.”

“दळत बसली आसंल. आन ते छप्पर? उकरलं चौघांनी, पर मागनं नीट कुणी केलं? घरवाल्याला कुणी इचारलं का?”

“देवाच्या वचनात असलं इचारायलीस? येड लागलंय का तुला?”

आणि शमुवेल हसले. अर्ध्याच तोंडानं, पण हसले. आजारी पडल्यापासून पहिल्यांदा. तुम्हीही ते पाहिलंत, पुस्तकावरून नजर उचलून पाहिलंत. मला वाटलं, आता तुम्हीपण हसाल आणि आपण तिघं मिळून त्या कफर्णहूमच्या घरवाल्याची कीव करू. तुम्ही चष्मा नीट केलात आणि जिथं थांबला होतात तिथून पुढं वाचलंत.

त्याच्या पुढच्या रविवारपासून ती वरात सुरू झाली. वरातच म्हणते मी. चार माणसं, बाजेचे चार खूर, मधोमध तुमचा मुलगा, पुढं पांढऱ्या सदऱ्यात तुम्ही. गल्लीच्या टोकाला चर्च, पण तेवढ्या वाटेत सगळं गाव उंबऱ्यावर यायचं. शमुवेल डाव्या हातानं डोळे झाकायचे आणि ‘नको नको’ करायचे. हाच माणूस कालपर्यंत याच गल्लीतून ट्रकचं टायर खांद्यावर घेऊन जात होता. मी तुम्हाला म्हटलं, “मामा, ते नको म्हणायलेत.” तुम्ही म्हणालात, “त्याचा विश्वास कमी पडतोय म्हणून तर आपला लावायचा. त्यांचा विश्वास बघून, आसं लिहिलंय. ह्याचा बघून न्हाय.”

मामा, मी शाळा फार शिकले नाही, अंगणवाडीत पोरांना बडबडगीतं शिकवते. पण ती गोष्ट मी तुमच्यापेक्षा जास्त वेळा ऐकली असेल, कारण तुम्ही वाचत असायचात आणि मी ऐकत असायचे. त्या गोष्टीत चौघं आहेत, गर्दी आहे, कुरकुर करणारे शास्त्री आहेत, सगळ्यांना मन आहे आणि तोंड आहे. लुळ्याला नाही. उचलताना त्याला कुणी विचारलं नाही, वरून सोडताना विचारलं नाही. बाकीच्यांना ती बऱ्या होण्याची गोष्ट वाटते. मला ती बाजेवर पडून छपराकडं बघत राहिलेल्या माणसाची वाटते. हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं, कारण तुमच्यापुढं बायकांनी वचनाचा अर्थ सांगायची पद्धत नव्हती.

चौथा खूर पहिल्यापासून रशीदभाईंचा होता. पुढचा, उजवीकडचा. मंडळीतली तीन माणसं आणि चौथे ते. रविवारी दुकान उशिरा उघडायचे, हातावरचं काळं ग्रीस घासून घासून काढायचे आणि दारात उभे राहायचे. त्यांना त्या गोष्टीशी देणंघेणं नव्हतं. ते शमुवेलसाठी यायचे. वाटेत वाकून त्यांच्या कानात काहीबाही बोलायचे, कुणाच्या ट्रकचं काय झालं, कोण हवालदार बदलला. तेवढ्यापुरतं ‘नको नको’ थांबायचं.

आणि याच दिवसांत शमुवेल उभे राहिले. तुमच्या रविवारमुळं नाही. रोज सकाळी अंगणवाडीला जायच्या आधी मी त्यांचा पाय वाकवून घ्यायचे, दुपारी रशीदभाई येऊन हात ओढून घ्यायचे. त्या थंडीत एके दिवशी खिडकीचा गज धरून, डाव्या पायावर सगळा भार देऊन, ते उभे राहिले. पाय लटपटत होते. मी ओरडले तशी शेजारची बाई धावत आली, तिला वाटलं साप निघाला. तुम्ही त्याच रविवारी चर्चमध्ये साक्ष दिलीत की बाजेचं फळ मिळायला लागलं. मी मागच्या चटईवर बसून ऐकत होते. अंगाची लाही झाली माझ्या.

मग पुण्याहून तुमच्या भावाचे जावई आले. तो रविवार मी मरेपर्यंत विसरणार नाही. सुटाबुटातले, चकचकीत कातडी बूट, वर सेंटचा वास. आपल्याकडं जावई म्हणजे अर्धा देव. त्यांना पहिलं ताट, त्यांना बसायला खुर्ची, आणि तुम्ही ठरवलंत, त्यांना पुढचा खूर. रशीदभाई नेहमीसारखे वाकले होते, हात खुराला लागला होता. तुम्ही तो हात बाजूला केलात.

“रशीद, आज जावयाला मान दे.”

ते मागं सरले. बाही खाली ओढत एवढंच बोलले, “मामा, चर्चच्या पायऱ्या धुतल्यात, फरशी वली हाय. पाव्हण्यास्नी बूट काढाय सांगा.”

“जावयाला बूट काढ म्हणू व्हय? घरात तरी म्हणतो का आपण?”

जावई हसले. बिचाऱ्यांना कळलंही नाही, बोलणं कशाचं चाललंय. शमुवेल त्या दिवशी डोळे झाकून नव्हते, ते रशीदभाईंकडं मान वळवून बघत होते. मोठ्यानं ‘नको’ म्हणाले. एकदाच, आणि अगदी स्पष्ट. मी ऐकलं, रशीदभाईंनी ऐकलं, तुम्ही ऐकलंत. तुम्ही गीत सुरू केलंत.

दुसऱ्याच पायरीवर शहाबादी फरशीवरून जावयांचा बूट सटकला. बाज एका अंगाला कलली आणि तुमचा मुलगा पायऱ्यांवर आपटला, डाव्या अंगावर. चांगल्या अंगावर. जो पाय घेऊन ते उभे राहिले होते, त्याच पायाचं हाड खुब्यात मोडलं.

सोलापूरच्या दवाखान्यात बाकावर आपण दोघं शेजारी बसलो होतो. आत ऑपरेशन चाललं होतं. मी वाट बघत होते, की तुम्ही एक शब्द बोलाल. शेवटी तुम्ही बोललात.

“सैतानानं पाय आडवा घातला, सुगंधा.”

“सैतान बूट घालतो व्हय मामा?”

एवढंच बोलले मी. तुम्ही उठून पाण्याच्या टाकीपाशी जाऊन उभे राहिलात. आपलं भांडण तिथंच थांबलं ते थांबलंच. ते धड भांडणही नव्हतं, कारण मला तुमच्याकडून दोनच शब्द पाहिजे होते. चुकलं माझं. मला नका म्हणू, सुनेला कोण म्हणतं. मुलाला म्हणायचं होतंत. बाजेशी बसून, त्याच्या डोळ्यांत बघून. शमुवेल परत कधी गज धरून उभे राहिले नाहीत, आणि तुम्ही ते दोन शब्द कधी म्हणाला नाहीत.

वरात बंद झाली. तो भाग तुम्ही परत कधी वाचला नाहीत, हे मी पाहिलंय. बोट त्या पानाशी यायचं आणि पुढं सरकायचं. त्याला पश्चात्ताप म्हणत असाल तर म्हणा. मी नाही म्हणत. पान उलटणं सोपं असतं. मी चाकाची खुर्ची आणली तर तुम्ही तिला ‘गाडा’ म्हणालात. तिला हात म्हणून लावला नाहीत. फक्त तुमचं ओलं धोतर वाळत घालायला ती बरी वाटायची तुम्हाला.

आता दुसरी बाजूपण लिहिते, नाहीतर म्हणाल सूनबाईनं एकाच हातानं तोललं. मी अंगणवाडीत असायचे तेव्हा दुपारभर शमुवेलचं सगळं तुम्ही केलंत. कूस बदलली, पाठ पुसली, हागणं-मुतणं काढलं, त्या वयात. गावात कोण सासरा आपल्या हातानं हे करतो? एकदा मी लवकर घरी आले तर तुम्ही त्यांची दाढी करत होतात. आपला गाल फुगवून दाखवत होतात, म्हणजे त्यांनी तसा फुगवावा, आणि ते फुगवत होते. मी आल्या पावली परत जाऊन ओट्यावर बसले. त्या वेळी मला तुमची माया आली, खोटं कशाला बोलू. चर्चमध्ये तुम्ही यातलं काही कधी सांगितलं नाहीत. तिथं सांगायचात ती बाज. जे खरंच केलंत त्याची लाज वाटली आणि ज्याची लाज वाटायला पाहिजे त्याची साक्ष दिलीत. असला उफराटा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

जायच्या आदल्या दिवशी, उन्हं कलताना, तुम्ही मला हाक मारलीत. “सुगंधा, त्या दिवशी पायरीवर...” एवढं म्हणालात आणि घसा कोरडा पडला म्हणून पाणी मागितलंत. मी धावले मामा. तुम्हाला सांगते, त्या घरात मी कधी कुणासाठी तशी धावले नाही. तांब्या घेऊन आले, तुम्ही प्यालात, मिशा पुसल्यात आणि म्हणालात, “पाऊस यायच्या आत माळवदावर माती टाकून घे. शमुवेलच्या डोक्यावर गळंल.” मी तिथंच उभी राहिले. तुम्ही कूस बदललीत. पहाटे बघितलं तर संपलेलं होतं.

कबरस्तानाकडं जायला शेतातली वाट आहे. आदल्या दिवशी कुणीतरी उसाला पाणी सोडलेलं, काळ्या मातीचा नुसता चिखल. तुमची पेटी पुढं गेली. मी शमुवेलची खुर्ची ढकलत मागं होते. चाकं निम्मी रुतली. ना पुढं, ना मागं.

लोक थांबले. एकजण म्हणाला, “त्यांना हितंच राहू द्या, हितनं बी दिसतंय.” पाळकसाहेब म्हणाले, “कुणीतरी पळत जाऊन घरून बाज आणा. मामांचीपण तीच इच्छा राहिली असती.” माझं डोकं फिरलं. तुमची पेटी पुढं खांद्यावर होती आणि मी चारचौघांत, डोक्यावरचा पदर सावरायचं सोडून, पाळकसाहेबांना म्हणाले, “बाजेचं नाव काढाल तर बघा.”

तेवढ्यात रशीदभाई चिखलात आले आणि खुर्चीपुढं उकिडवे बसले. चेहरा शमुवेलच्या चेहऱ्यासमोर आणला.

“शम्या, क्या करना बोल. उचलू का रे खुर्चीसकट? का ऱ्हायचं हितंच?”

शमुवेलनी पेटीकडं बघितलं. मग माझ्याकडं. मग सभोवती जमलेल्या माणसांकडं, त्यांच्या चेहऱ्यांकडं नाही, पायांकडं. तोंड वाकडं व्हायला लागलं, मला वाटलं आता ती शिवी येते. डाव्या हातानं त्यांनी खाली बोट दाखवलं. शब्द तुटत तुटत आला, पण आला.

“बूट... काढा.”

मामा, सगळ्यात आधी कोण वाकलं सांगू? तुमच्या भावाचे जावई. पुण्याहून मातीला आले होते, मागं उभे होते. त्या चिखलात बसून लेस सोडायला लागले, आणि रडत होते, लहान पोरासारखे. त्या पायरीनंतर हा माणूस आपल्या दारात आला नव्हता. मग बाकीच्यांनी काढले. चपला, बूट, पाळकसाहेबांचे पॉलिश केलेले काळे सुद्धा. ओळीनं बांधावर राहिले.

“आता?” रशीदभाईंनी विचारलं.

“उचल,” शमुवेल म्हणाले.

चौघांनी अनवाणी पायांनी उचललं. पुढची उजवी बाजू रशीदभाईंची. जावई मागं, डावीकडं. शमुवेलनी डोळे झाकले नाहीत. ‘नको’ म्हणाले नाहीत. ताठ बसून सगळं शेत बघत गेले आणि तुमच्यावर माती टाकायला डावा हात पुढं केला.

म्हणजे एवढंच होतं, मामा. त्यांना उचलण्याचा राग नव्हता. तुम्ही एका रविवारी तसं उकिडवं बसून विचारलं असतंत, तर ते हो म्हणाले असते, आणि पायरीवर बूट काढा असंपण तेच म्हणाले असते. तुमचा देवावर एवढा विश्वास, आणि पोटच्या पोराला एक प्रश्न विचारण्याइतका त्याच्यावर नव्हता. मी तुम्हाला माफ केलेलं नाही. पाळकसाहेब म्हणतात, करावं लागतं. करीन, पण आज नाही, आणि ते सांगतात म्हणून नाही.

रविवारी तो भाग मी वाचू देणार आहे. शमुवेलना विचारलं, वाचू देऊ का? ‘वाच’ म्हणाले. म्हणून.

काल पांढरी मातीपण आली. दारात ढीग पडलाय. तुमचं धुमस शोधून ठेवलंय, उद्या मी वर चढणार आहे. मघाशी बाज सरकवायची होती, ठोकताना वरून माती पडेल म्हणून. तुम्ही ती कायम आतल्या भिंतीशी, क्रूसाखाली ठेवलीत. मी हात लावला आणि थांबले. शमुवेलना म्हटलं, “तुम्हीच सांगा, कुठं सरकवू?”

त्यांनी डाव्या हातानं दार दाखवलं. तिथून थेट हायवे दिसतो.